कॅन्सर वॉर्डात दुभाष्याचं काम करणाऱ्या मुलांना शब्द शिकवायचेत, सुरुवात कुठून करू?

पंचवटीकर

नमस्कार. जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, इथल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात पेशंटना मदत करणाऱ्या गटात आहे, तीन वर्षं झाली. आमच्याकडे पेशंट कुठून कुठून येतो, सुरगाणा पेठ कळवण सटाणा मालेगाव येवला, कोणी कोकणा बोलतं कोणी अहिराणी कोणी उर्दू, आणि डॉक्टर दिवसभर ओपीडी करून थकलेले, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी बोलतात, काही डॉक्टर आणि बऱ्याच सिस्टर तर बाहेरच्या राज्यातल्या. मग मध्ये बोलायला कोण? कधी वॉर्डातल्या मावशी, कधी जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र ज्यांचं खरं काम कागदपत्रांचं असतं, कधी पेशंटचा दहावीतला नातू. आजीला काय झालंय हे त्या पोरालाच आधी ऐकावं लागतं आणि मग त्यानेच आजीला सांगायचं. हे बघवत नाही म्हणून आम्ही ठरवलं की अकरा जण तयार करायचे जे फक्त दुभाष्याचं काम करतील. सगळे इथलेच, दोघी नर्सिंगच्या विद्यार्थिनी, बाकीचे बीए बीकॉम.

गेल्या रविवारी पहिला वर्ग घेतला. मी इंटरनेटवरून आणि परिभाषा कोशातून दीडशे शब्दांची यादी काढली होती, डावीकडे इंग्रजी उजवीकडे मराठी. ट्यूमर म्हणजे अर्बुद, रेडिएशन म्हणजे प्रारण, टिश्यू म्हणजे ऊती, पॅलिएटिव्ह म्हणजे उपशामक. मुलांनी मन लावून पाठ केली, चाचणी घेतली तर बहुतेकांना शंभराच्या वर मार्क.

आणि बुधवारी हे झालं. ओपीडीत दिंडोरी बाजूच्या एक बाई होत्या, साठीच्या, सोबत दीर. डॉक्टर स्कॅन बघून म्हणाले की डिसीज प्रोग्रेस होतोय, औषध बदलावं लागेल. आमच्या मुलाने सांगितलं, "आजारात प्रगती आहे, आता औषध बदलणार." बाईंनी पदर सावरला, डॉक्टरांना हात जोडले आणि म्हणाल्या देव पावला. डॉक्टरांच्या लक्षात आलं की ही बाई हसतेय म्हणजे काहीतरी चुकलंय, त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः परत सांगितलं. तो चेहरा उतरताना मी बघितला. मुलगा रात्री फोनवर रडत होता. शब्द त्याने बरोबर सांगितला होता हो, माझ्याच यादीत प्रोग्रेसच्या पुढे प्रगती लिहिलेलं.

तर विचारायचं हे की यादी सोडून शिकवायचं तर नेमकं काय शिकवायचं आणि आधी काय. ज्यांनी वॉर्डात काम केलंय, भाषांतर केलंय किंवा घरात आजारपण काढलंय त्यांनी सांगा. माझ्याकडे अजून सहा रविवार आहेत, प्रत्येकी तीन तास.

---

डेकेअरसिस्टर

ताई, त्या मुलाला आधी सांगा की रडू नको, परत ये. ज्याला एवढं लागलं तो चांगला दुभाष्या होणार.

मी केमो डेकेअरला चौदा वर्षं आहे. माझं मत स्पष्ट आहे, तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात केलीत. डॉक्टरांचे शब्द नंतर. आधी पेशंट काय बोलतो ते शिकवा, कारण डॉक्टरचा शब्द कळला नाही तर पोरगं निदान थांबून विचारेल, पण पेशंटचा शब्द आपल्याला कळलाच असं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो.

उदाहरण देते. केमोनंतर पेशंट म्हणतो "तोंड आलंय". आमच्याकडे केरळच्या एक सिस्टर होत्या, कामाला एकदम उत्तम, त्यांना सोबतच्या मुलीने शब्दाला शब्द लावून सांगितलं की माऊथ हॅज कम. त्या बिचाऱ्या विचारात पडल्या. तोंड येणं म्हणजे आतून सोलून निघालंय, फोड आलेत, पाणी गिळवत नाही, दोन दिवसात माणूस गळून जातो. दुसरं, "हातापायाला मुंग्या येतात". काही औषधांनी नसांना त्रास होतो, पॅक्लिटॅक्सेलने होतो, ऑक्झॅलिप्लॅटिनने होतो, आणि तो वाढत गेला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. म्हणजे मुंग्या हा शब्द फाइलीत जायलाच पाहिजे. पण दुभाष्याला वाटतं बसून बसून पाय अवघडला असेल, आणि तो सांगतच नाही. शर्टाचं बटण लावता येतं का, चप्पल पायातून निसटते का आणि ते कळतं का, हे आमचे डॉक्टर विचारतात. ते जसंच्या तसं विचारायला शिकवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा १००.४ च्या वर ताप गेला तर रात्र असो दिवस असो हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही, त्यात जीव जाऊ शकतो. आता डॉक्टर विचारतात फीवर आहे का, दुभाष्या विचारतो ताप आहे का, बाई म्हणते नाही. मग मी विचारते, "कणकण? कसर वाटते का अंगात? संध्याकाळी पांघरूण घ्यावंसं वाटतं का?" तर म्हणते हो ती तर तीन दिवस आहे. गावाकडे ताप म्हणजे अंग भाजतंय, माणूस झोपून आहे, तेव्हा ताप. कसर म्हणजे ताप नाही. म्हणून ताप हा शब्द एकटा विचारायचाच नाही, कणकण कसर बारीक ताप हुडहुडी सगळं विचारायचं, आणि थर्मामीटर घरात आहे का, बघता कोणाला येतो, हेही.

पेशी या शब्दाचं पण सांभाळा. डेंग्यूची साथ आली तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पेशी म्हणजे प्लेटलेट. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात म्हटलं की नातेवाईक पपईच्या पानांचा रस घेऊन येतात. मी "इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी" असं पूर्णच सांगते, कितीही वेळा सांगावं लागलं तरी.

बायकांच्या बाबतीत वेगळा वर्गच घ्या आणि मुलगे बाहेर ठेवू नका, त्यांनाही कळू दे. "अंगावरून जातंय" म्हणजे रक्त की पांढरं हे विचारावं लागतं. "पिशवी" म्हणजे गर्भाशय, "पिशवीचं तोंड" म्हणजे गर्भाशयमुख, आणि दोन्हीचे कॅन्सर वेगळे, उपचार वेगळे, पण पेशंटच्या तोंडी दोन्हीला पिशवीचा कॅन्सर. "पिशवी काढली" म्हणते तेव्हा अंडाशय काढलं की ठेवलं तिला माहीत नसतं, दुभाष्याने आपल्या मनाने भर घालायची नाही. "छातीत गाठ" तर रोजचं, बाई म्हणते तेव्हा बहुतेक वेळा स्तन, पण फुप्फुसाचा पेशंटसुद्धा तेच म्हणतो. म्हातारी माणसं तर "अंगावर पाजायच्या जागी" असं म्हणतात. स्तन हा शब्द मराठीत तोंडातून निघत नाही आपल्या, तो मुलांकडून दहादा मोठ्याने म्हणवून घ्या, खरंच सांगते. दुभाष्याच लाजला तर ती बाई अजून मिटते.

दुखण्यावर पुढच्या वेळी लिहीन, ड्यूटीची वेळ झाली.

---

शब्दखूण

मी भाषांतरकार आहे, औषधांची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं मराठीत आणणं हे माझं काम. सिस्टरांचं पटलं, पण एका गोष्टीत मतभेद नोंदवतो. यादी वाईट नव्हती, यादीत चुकीचे शब्द होते. अर्बुद, प्रारण हे कोणी विचारणारच नाही. खरी यादी करायची ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची, जे आपल्या रोजच्या बोलण्यात एका अर्थाने आहेत आणि कॅन्सरच्या ओपीडीत दुसऱ्याच.

तुमचा प्रोग्रेस त्यातलाच. मग पॉझिटिव्ह. करोनाने लोकांना एवढं शिकवलं की पॉझिटिव्ह म्हणजे वाईट निगेटिव्ह म्हणजे चांगलं, पण इथे तेही नेहमी खरं नाही. मार्जिन निगेटिव्ह आलं तर चांगलं, कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही. काखेतली गाठ पॉझिटिव्ह आली तर तिथपर्यंत आजार गेलाय. आणि ट्रिपल निगेटिव्ह ऐकलं की घरच्यांना वाटतं तिन्ही रिपोर्ट चांगले आले! तिथे अर्थ असा की हार्मोनची औषधं आणि हर-टू नावाच्या प्रथिनावरची औषधं ज्या खुणांवर काम करतात त्या तिन्ही खुणा या गाठीत नाहीत, म्हणजे ते दोन्ही मार्ग बंद. त्यामुळे माझा नियम असा की पॉझिटिव्ह निगेटिव्ह हा शब्द एकटा सोडायचा नाही, काय सापडलं किंवा काय सापडलं नाही ते वाक्यात सांगायचं.

मार्जिनवरूनच, लासलगाव पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याला मार्जिन म्हणजे नफा. ॲडव्हान्स म्हणजे आधी भरायचे पैसे, "ॲडव्हान्स कॅन्सर आहे" म्हटल्यावर किती भरायचा असं विचारणारे नातेवाईक मी स्वतः बघितलेत आणि त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणं, आणि डॉक्टर विचारतात की निपलमधून डिस्चार्ज आहे का, म्हणजे काही पाझरतं का. पेट स्कॅन हा अंगात आजार कुठे कुठे आहे ते बघायचा स्कॅन, पण हिंदी उर्दूवाल्यांना तो पोटाचा स्कॅन वाटतो, मग ते म्हणतात गाठ तर मानेला आहे, पोटाचा कशाला.

ग्रेडचं तर नाशिकमध्ये विशेष सांगावं लागतं. द्राक्ष, कांदा, डाळिंब, सगळ्याचं ग्रेडिंग होतं आणि हाय ग्रेड माल म्हणजे उत्तम माल. गाठ हाय ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली तिच्या पेशी मूळ पेशींपासून खूप बदललेल्या दिसतात, ती सहसा वेगाने वाढते. स्टेज वेगळी, स्टेज म्हणजे आजार किती मोठा आणि कुठवर पोचला. लोक, आणि काही दुभाषेसुद्धा, दोन्हीची अदलाबदल करतात, "ग्रेड थ्री आहे" चं "तिसऱ्या स्टेजचा आहे" होतं आणि घरात रडारड सुरू होते. माझ्या मते एक अख्खा तास फक्त या दोन शब्दांना द्या.

पण द्राक्षाचा फायदाही आहे. निफाडच्या बागायतदाराला सेंटिमीटर मिलिमीटर समजावावं लागत नाही, १८ एमएमचा मणी तो नजरेने ओळखतो. इतर लोक गाठ सांगताना हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी असं सांगतात. ते तसंच डॉक्टरपर्यंत न्यायचं. दोन सेंटिमीटरच्या आत की बाहेर, पाचच्या वर का, यावर स्तनाच्या गाठीची वर्गवारी ठरते, तेव्हा दुभाष्याने लिंबाचे सेंटिमीटर स्वतः करायचे नाहीत, मोजायचं काम डॉक्टरचं.

आता तुमच्या मुलांना इंग्रजी शब्द फोडायला मात्र जरूर शिकवा, अर्ध्या दिवसात येतं आणि खूप उपयोगी पडतं. शेवटी एक्टॉमी असेल तर काहीतरी काढून टाकणं, मास्टेक्टॉमी, हिस्टरेक्टॉमी. ऑस्टॉमी असेल तर नवीन तोंड करणं, कोलोस्टॉमी म्हणजे पोटावर शौचाचा मार्ग. स्कोपी म्हणजे नळीने किंवा दुर्बिणीने आत बघणं. यातली एक्टॉमी आणि ऑस्टॉमी ऐकण्यात सारखी वाटते, एक चुकली तर माणूस वेगळ्याच ऑपरेशनला होकार देऊन बसेल. ओमा म्हणजे गाठ, पण इथे सावध, लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ, फायब्रोमा साधी, आणि लिम्फोमा मेलानोमा मात्र कॅन्सर. म्हणजे शेपटावरून साधी की कॅन्सरची ते ठरवता येत नाही. फाइलीवर सीए लिहिलेलं असतं ते कार्सिनोमाचं, हे पोरांना माहीत पाहिजे पण तोंडाने मोठ्याने वाचायचं नाही, आधी डॉक्टरांनी पेशंटला सांगितलंय का ते बघायचं.

अजून एक, पाच वर्षांचा सर्व्हायवल. त्याचा अर्थ निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले किती जण हयात असतात. "पाच वर्षं जगाल" असा अर्थ होत नाही. हे मी लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या एका बापाला चुकीचं सांगितलेलं ऐकलंय, तो बोटावर मोजायला लागला होता की तोवर तिचं शिक्षण होईल का.

जाता जाता, अमेरिकेत वैद्यकीय दुभाष्याला प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायलाच निदान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि त्यांच्या नॅशनल कौन्सिल ऑन इंटरप्रेटिंग इन हेल्थ केअरची २००४ ची आचारसंहिता आहे, ती वाचा, जे सांगितलं तेच सांगायचं, भर नाही घट नाही, गुप्तता पाळायची. पण तिथे शिकवतात की दुभाष्याने "मी" म्हणून बोलायचं, पेशंटच्या जागी उभं राहून. मराठीत ते तसंच उचलू नका. आपलं क्रियापद स्त्री पुरुष दाखवतं, तुमची वीस वर्षांची मुलगी आजोबांसाठी बोलताना "मी थकलो" म्हणणार की "मी थकले"? दोन्ही विचित्र. "बाबा म्हणतायत, थकायला होतं" हेच बरं.

---

बागलाणचा

मी सटाण्याकडचा, शेती करतो. सहसा इथे वाचतो फक्त. हे वाचून राहवलं नाही.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली, अन्ननलिकेचा होता. घरात आम्ही अहिराणी बोलतो, आईला शुद्ध मराठी कळायची पण दवाखान्यात गेली की तिची मराठी आटून जायची. एका हॉस्पिटलात, नाव घेत नाही, डॉक्टर म्हणाले आता पॅलिएटिव्हकडे पाठवू. बाजूला एक मुलगी उभी होती समजावून सांगायला, ती म्हणाली "आता काही राहिलं नाही, घरी न्या, सेवा करा". आम्ही नेलं. सात आठवडे आई घरात वेदनेने तळमळत होती आणि आम्ही समजत होतो की याला इलाजच नाही. मग गावातल्या आशाताईंनी ओरडून परत पाठवलं तेव्हा कळलं की पॅलिएटिव्ह हा वेगळा विभाग असतो, तिथे दुखणं कमी करायचं औषध देतात, मॉर्फिन देतात, गिळता येत नाही त्यावर उपाय करतात, आणि हे उपचार चालू असतानाही मिळतं, शेवटीच पाहिजे असं काही नाही. पहिल्या डोसनंतर त्या रात्री आई सलग झोपली. मी तिच्या उशाशी बसून राहिलो, बऱ्याच दिवसांनी घरात आवाज नव्हता.

त्या मुलीचा राग नाही मला. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पण ताई तुमच्या अकरा जणांना हा एक शब्द नीट शिकवा, बाकी दहा कमी शिकवले तरी चालतील. "त्रास कमी करायचे उपचार, त्याचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांना दाखवू" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

दुसरं म्हणजे पेशंटच्या बोलीतला एखादा शब्द आधी टाका. आमच्याकडे कोणी "कोठे दुखस माय?" असं विचारलं असतं तर आईने सगळं सांगितलं असतं. पूर्ण अहिराणी यायची गरज नाही, दुखस, कसं वाटस, जेवण जास का, एवढ्यानेच माणूस मोकळा होतो. आणि जिथे कळलं नाही तिथे "थांबा, विचारून सांगतो" म्हणायची लाज वाटायला नको.

---

मोसमकाठ

मालेगावहून. थोडक्यात लिहिते.

उर्दू बोलणाऱ्या आमच्या बायका गाठेला गिल्टी म्हणतात, रसौली म्हणतात, गर्भाशयाला बच्चेदानी, रेडिएशनला सिकाई. एवढे तरी शब्द पोरांकडे असू द्या. बुरख्यातल्या बाईला तपासताना दुभाषी बाईच हवी हे तर तुम्हाला माहीतच असेल.

मला वेगळं विचारायचंय. नातेवाईक बाहेरच गाठतात आणि सांगतात "अम्मीला कॅन्सर शब्द सांगू नका, गाठ आहे एवढंच सांगा". मग डॉक्टर कॅन्सर म्हणाले आणि दुभाष्याने गाठ म्हटलं तर ते खोटं झालं का? माझ्या बहिणीच्या वेळी मीच मध्ये होते आणि मी गाठच म्हणत राहिले. ती सहा महिने मला विचारत होती की साध्या गाठेला केस का जातात.

---

शब्दखूण

@मोसमकाठ ताई, तुम्ही बहीण होता, दुभाष्या नव्हता, स्वतःला दोष देऊ नका. पण गटातल्या मुलांसाठी उत्तर एकच, शब्द बदलायचा नाही. नातेवाईकांनी असं सांगितलं तर आत जायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं की घरच्यांची अशी विनंती आहे, मग किती आणि कसं सांगायचं ते डॉक्टर पेशंटला विचारून ठरवतील. बऱ्याचदा डॉक्टर पेशंटलाच विचारतात, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय माहिती हवी?" आणि पेशंटला बहुधा माहीत असतंच, वॉर्डाच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

---

डेकेअरसिस्टर

परत आले. दुखण्याचं राहिलं होतं.

डॉक्टर विचारतात शून्य ते दहामध्ये किती. शिकलेला सांगतो सात. सुरगाण्याची आजी म्हणते "लई". मी विचारते, "आजी, रुपयात किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर येतं, बारा आणे. गोळीनंतर विचारलं तर म्हणते आता चार आणे राहिलंय. देशात दशमान नाणी १९५७ ला आली पण सत्तरीच्या माणसाच्या तोंडात अजून आणेच आहेत. सोळा आण्यातले बारा म्हणजे दहातले साडेसात, तेवढं गणित पोरांना येतं, पण डॉक्टरांना सांगताना "रुपयात बारा आणे म्हणतायत" असंच सांगायचं आणि मग आकडा.

आणि दुखण्याचा प्रकार गिळायचा नाही. मराठीत दुखण्याला काय कमी शब्द आहेत का, ठणका, कळ, चमक, ठसठस, सल, आग, चरचर, टोचणी, ओढ. पोरं सगळ्याचं पेन करतात. आग होते, चमका मारतात, मुंग्या येतात असं असेल तर ते नसेचं दुखणं असू शकतं, त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात. एका दुपारी एक मुलगी सगळ्याला "पेशंट हॅज पेन" म्हणत होती आणि ते काका बिचारे हाताने दाखवत होते की खांद्यापासून बोटापर्यंत वीज गेल्यासारखं होतं. मी ऐकलं म्हणून. शब्दाला इंग्रजी सापडलं नाही तर विजेसारखं, कोणी सुया टोचल्यासारखं, असं जसं म्हणतायत तसं सांगायचं.

शेवटी, कळलं का असं विचारायचं नाही. आपली माणसं हो म्हणतात, डॉक्टरांचा मान ठेवायला. मी विचारते "घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?" मग ते सांगतात आणि तिथेच सगळं उघडं पडतं.

---

पंचवटीकर

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, कितीदा वाचलं. बागलाणचे दादा, तुमचं लिहिलेलं मुलांना वाचून दाखवलं तर चालेल का? नाव गाव काही सांगणार नाही.

मी ठरवलंय असं. दीडशेची यादी बाजूला. येत्या रविवारी फक्त पेशंटचे शब्द, ताप तोंड मुंग्या अंगावरून आणि दुखण्याचे सगळे. त्यानंतरचा ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. ग्रेड आणि स्टेजला खरंच एक तास देणार, माझ्या भावाकडून कांद्याची ग्रेडिंगची चाळणी आणणार आहे म्हणजे फरक डोळ्यासमोर राहील. शब्द फोडणं तिसऱ्यात. पॅलिएटिव्हला एक पूर्ण रविवार, आमच्या हॉस्पिटलातल्या त्या विभागाच्या डॉक्टरांना विचारलं, ते येतो म्हणाले. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहेच, तिथे कोणाशी बोलून पुढे याचं रीतसर काही करता येईल का तेही बघणार.

मालेगावच्या ताई, तुमच्या बहिणीचं वाचून गलबललं. शब्द बदलायचा नाही हे पहिल्या दहा मिनिटांत सांगणार.

एक शंका राहिली. रेडिएशनला आमच्याकडे सगळे "शेक" म्हणतात, मुलंही तेच म्हणायला लागलीत, पेशंटला कळतं म्हणून. चालेल का? की किरणोपचार म्हणायला लावू?

---

डेकेअरसिस्टर

शेक नको ताई. आमच्याकडे मानेच्या रेडिएशनचे एक काका होते, त्यांना शेक सांगितलेलं, त्यांनी घरी जाऊन रोज रात्री त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली की दवाखान्याचा शेक कमी पडतोय तर घरचा द्यावा. आधीच भाजल्यासारखी झालेली कातडी, फोड आले, मध्ये काही दिवस उपचार थांबवावे लागले. पेशंट शेक म्हणाला तर म्हणू दे, आपण "मशीनचे किरण" म्हणायचं आणि लगेच जोडायचं की घरी त्या जागी काही गरम लावायचं नाही, बर्फ नाही, हळद नाही, तेल नाही, बाम नाही.

आणि अंगावर काढलेल्या खुणा पुसायच्या नाहीत हे पण. एक आजी अमावास्येला रामकुंडावर आंघोळ करून, घासून पुसून आल्या होत्या, परत सगळी मापं घ्यावी लागली. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की ती शाई कशासाठी आहे.

रविवारी किती वाजता आहे वर्ग? शनिवारी मला नाईट आहे, सकाळी सुटल्यावर घरी जाऊन डबा करून येते. साडेदहाला ठेवलंत तर तापाचं मी घेईन, थर्मामीटर माझे आणते अकराच्या अकरा.